जुनं मॅथकॅड की प्राइम? नाशिकच्या डिझाइन ऑफिसात नव्याने आलेल्यांसाठी

जून-जुलैत आमच्याकडे नवी मुलं रुजू होतात. पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी हाक येते, "सर, ही फाईल उघडतच नाही." फाईल म्हणजे बहुतेक वेळा २००८-०९ सालचं मॅथकॅडमधलं (एककांसकट गणितं मांडायच्या सॉफ्टवेअरमधलं) शीट, अंबडच्या कुठल्यातरी शेडच्या क्रेन गर्डरचं. मुलाच्या लॅपटॉपवर असतं मॅथकॅड प्राइम. नावात मॅथकॅड आहे, वर नवं आहे, म्हणजे जुनी फाईल उघडायलाच हवी असा त्याचा समज. दरवर्षी हे सगळं मी चहा पीत तोंडी सांगतो. यंदा सिंहस्थाच्या कामांमुळे चहालाही वेळ नाही, म्हणून लिहून काढतोय.

आधी वंशावळ, थोडक्यात. मॅथकॅड पहिल्यांदा आलं १९८६ मध्ये, डॉसवर चालणारं, मॅथसॉफ्ट कंपनीचं. २००६ मध्ये ते पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीने घेतलं. २०१० मध्ये मॅथकॅड १५ आलं आणि जुनी शाखा तिथे संपली. २०११ च्या सुरुवातीला प्राइम १.० आलं, ते नव्याने लिहिलेलं. म्हणजे चौदावरून पंधरावर जाणं ही घराची रंगरंगोटी होती. पंधरावरून प्राइमवर जाणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं. बिऱ्हाड हलवताना काही सामान फुटतं, काही मागे राहतं, आणि सहा महिन्यांनी आठवतं की अमुक डबा आणलाच नाही. पहिल्या काही वर्षांत प्राइममध्ये इतक्या गोष्टी नव्हत्या की जुन्या लोकांनी ते बघितलं आणि बंद केलं. दहाएक वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालली. ३१ डिसेंबर २०२१ ला मॅथकॅड १५ निवृत्त झालं. आता ते विकत मिळत नाही आणि कंपनीचा सपोर्टही नाही.

मग निवड उरलीच कुठे, असं वाटेल. विकत घेताना नाहीच उरली. पण तुम्ही ज्या ऑफिसात जाल तिथे कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर मॅथकॅड १५ असण्याची शक्यता बरीच आहे, आणि "जुन्यात करू की नव्यात?" हा प्रश्न दर कामाला येईल.

पहिलं काम: फायली मोजा

सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी ऑफिसचा सर्व्हर, नाहीतर साहेबांची बाहेरची हार्ड डिस्क, शोधून काढा. फाईलच्या नावाच्या शेपटाकडे बघा. एमसीडी असेल तर फार जुनी. एक्सएमसीडी किंवा एक्सएमसीडीझेड असेल तर जुन्या शाखेतली, पण अलीकडची. एमसीडीएक्स असेल तर प्राइमची. अक्षरं तीच आहेत, नुसती मागे-पुढे झालीत, त्यामुळे घाईत गल्लत होते. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसत नसेल तर आधी ते दिसण्याची सेटिंग चालू करा.

शोधलं की शेकड्याने फायली निघतील. घाबरू नका. त्यातल्या बहुतेक संपलेल्या कामांच्या असतात, फक्त कुणी विचारलं तर दाखवायला. काही चालू कामांच्या. आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मास्टर शीटं, ज्यांची कॉपी मारून दर नवं काम सुरू होतं. आमच्याकडे एक बेस प्लेटचं आहे, एक क्रेन गर्डरचं, एक वाऱ्याच्या भाराचं, अशी मोजकीच. नव्या आवृत्तीत न्यायची ती एवढीच. संपलेल्या कामांची शीटं बदलत बसू नका. ती जुन्या मॅथकॅडमध्ये उघडा, पीडीएफ काढा आणि मूळ फाईलशेजारी ठेवून द्या. पीडीएफ वीस वर्षांनीही उघडेल, शीटचा भरवसा नाही.

याच टप्प्यावर समोरच्यालाही विचारून घ्या. तुमची कॅल्क्युलेशन तपासणारा सल्लागार फाईल मागतो की छापील कागद? सरकारी कामात शेवटी कागदच जातो, तिथे तुम्ही कशात केलं याने कुणाचं बिघडत नाही. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्याचं काम असेल तर त्यांचा डिझाइन विभाग फाईल मागू शकतो, आणि मग त्यांच्याकडे जी आवृत्ती आहे तीच तुमची.

लायसन्स आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर

मॅथकॅड १५ ची लायसन्स बहुधा एकदाच पैसे भरून कायमची घेतलेली असतात. ऐकायला छान. पण ती त्या विशिष्ट कॉम्प्युटरच्या ओळख क्रमांकाला बांधलेली असतात. कॉम्प्युटर गेला की लायसन्सची फाईल हातात असूनही उपयोग नसतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात लाईटच्या खेळखंडोब्यात मदरबोर्ड गेला तेव्हा हे कळलं. नेटवर्क कार्ड वेगळं होतं आणि लायसन्स त्याच्याशी बांधलेलं, म्हणून वाचलो. तेव्हा जुन्या कॉम्प्युटरला यूपीएस लावा, त्याची पूर्ण डिस्क इमेज काढून ठेवा आणि त्यावर बाकीचे उद्योग करू नका. तो आता कॉम्प्युटर राहिला नाही, लायब्ररीतलं कपाट झालाय.

पेन ड्राइव्हवर "चालतंय सर, मित्राकडून आणलंय" अशी क्रॅक केलेली कॉपी नवी मुलं हमखास आणतात. ती ऑफिसच्या मशीनला लावायची नाही. एवढंच.

प्राइम आता सबस्क्रिप्शनवर मिळतं, म्हणजे दरवर्षी पैसे. शिकणाऱ्याला मात्र सोय आहे: डाउनलोड केलं की ३० दिवस सगळं चालतं, त्यानंतर ते एक्सप्रेस नावाच्या फुकट रूपात उरतं. एक्सप्रेसमध्ये प्रोग्रामिंग, सॉल्व्ह ब्लॉक (समीकरणं सोडवायची चौकट), सिम्बॉलिक गणित (आकड्यांऐवजी अक्षरांनी केलेलं) या गोष्टी बंद होतात. साधी बीम, फूटिंग, बोल्टची जोडणी, युनिटसकट गणित, आलेख, इतकं त्यात होतं. डिप्लोमाच्या किंवा बीईच्या पोरासाठी ते पुष्कळ आहे. म्हणून ३० दिवस सुरू करायची घाई करू नका. आधी एखादं मास्टर शीट हातात येऊ द्या, मग इन्स्टॉल करा, म्हणजे ते दिवस सॉल्व्ह ब्लॉक शिकण्यात जातील. पोरं तीसातले पंचवीस दिवस बटणं बघण्यात घालवतात.

बोटांना लागलेली सवय

दोन्हींत मूळ पद्धत एकच. := म्हणजे ठरवणं, = म्हणजे उत्तर मागणं; शीट वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे वाचलं जातं. व्हेरिएबल खाली ठरवून वर वापरलं की लाल होतं.

फरक बारीक आहेत आणि म्हणूनच छळतात. नावाखालची छोटी अक्षरं, म्हणजे सबस्क्रिप्ट, जुन्यात टिंब दाबून येतात. प्राइममध्ये कंट्रोल आणि वजा. मॅट्रिक्सच्या घराचा क्रमांक दोन्हीकडे चौकोनी कंसाने येतो. दिसायला दोन्ही सबस्क्रिप्ट सारख्या, अर्थ वेगळा. यात नवा माणूस अर्धा दिवस घालवतो. दुसरं, मॅट्रिक्सची मोजणी शून्यापासून सुरू होते. पण जुन्या साहेबांनी शीटच्या वर ओरिजिन, म्हणजे मोजणीचा पहिला क्रमांक, १ केलेलं असू शकतं. त्या शीटमधला तुकडा कॉपी करून शून्यवाल्या शीटमध्ये टाकला की पहिल्या बोल्टऐवजी दुसऱ्याचं बळ हाती येतं. आकडा सुबक दिसतो, शंकाही येत नाही.

आता 'एम'ची गोष्ट, कारण मला विचाराल तर प्राइमच्या बाजूने बोलणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये, म्हणजे भारतीय मानकात, वर्किंग स्ट्रेस पद्धतीत मॉड्युलर रेशोला (पोलाद आणि काँक्रीट यांच्या कडकपणाच्या गुणोत्तराला) एम म्हणतात. २८० भागिले तीनदा सिग्मा-सीबीसी, म्हणजे काँक्रीटला वाकताना चालणारा दाबाचा ताण. एम२५ काँक्रीटला सिग्मा-सीबीसी ८.५, म्हणून एम येतो १०.९८. पाण्याच्या टाक्या करणारे हे रोज लिहितात. जुन्या मॅथकॅडमध्ये तुम्ही शीटच्या वरच्या भागात एम := १०.९८ लिहिलंत की त्या ओळीखाली मीटर हे एककच पुसलं जातं, कारण त्याचंही चिन्ह एमच. खाली स्पॅन ६ एम लिहिलात तर सॉफ्टवेअर ते ६ गुणिले १०.९८, म्हणजे ६५.८८ समजतं, बिनएककाचं. नावाखाली हिरवी नागमोडी रेघ येते, पण ती कोण बघतो?

गंमत पुढे आहे. मीटरला २० किलोन्यूटन भार, ६ मीटर स्पॅन, मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये मागा: उत्तर ९० येतं. अगदी बरोबर! कारण भारातला मीटर, स्पॅनमधला मीटर आणि उत्तरातला मीटर सगळेच एका पटीत फुगलेत, आणि फुगवटा कापला जातो. पोरगा खूश होऊन पुढे जातो. मग स्पॅनला खोलीने भागायची वेळ येते. खोली ४५० मिलिमीटर, आणि मिलिमीटर हे वेगळं एकक असल्यामुळे ते शाबूत आहे. उत्तर यायला हवं १३.३३. येतं १४६.४, आणि मागे 'एक भागिले मीटर' असं शेपूट. शेपटाकडे बघितलं तर वाचलात.

प्राइममध्ये प्रत्येक नावाला लेबल असतं: हे व्हेरिएबल, हे एकक, हे फंक्शन. एककं वेगळ्या रंगात दिसतात. त्यामुळे मॉड्युलर रेशो एम आणि मीटर एम एकाच शीटमध्ये नांदतात. मात्र लेबल नेमकं कुठलं लागलंय हे डोळ्यांनी तपासावं लागतं, विशेषतः बदलून आणलेल्या शीटमध्ये. आणि फुकटचा सल्ला: कशातही काम करा, पण एकाक्षरी एम, एन, ए अशी नावं ठेवू नका. मॉड्युलर रेशोला सबस्क्रिप्ट द्या, वाद मिटला.

मास्टर शीट नव्यात नेताना

जुनं शीट प्राइममध्ये नेतो तो कन्व्हर्टर. बरीच वर्षं तो चालायला त्याच मशीनवर जुनं मॅथकॅडही लागायचं, म्हणून हे काम कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरच करणं सोयीचं. कधीही मूळ फाईलवर करू नका, कॉपीवर करा. फारच जुनी एमसीडी असेल तर आधी ती पंधरामध्ये उघडून, नीट चालतेय बघून, एक्सएमसीडी म्हणून सेव्ह करा.

कन्व्हर्टरला जे जमतं ते तो बदलतो. जे जमत नाही त्याचं चित्र काढून तिथे चिकटवतो आणि शेरा मारतो. हे "चित्र" फार धोक्याचं. आमच्या ऑफिसातलाच किस्सा सांगतो.

क्रेन गर्डरच्या मास्टर शीटमध्ये वर एक लिस्ट बॉक्स होता. त्यातून आयएसएमबी ३००, ३५०, ४०० असं सेक्शन (आय आकाराच्या पोलादी तुळईचं माप) निवडायचं, की खाली सेक्शन मॉड्युलस, म्हणजे त्या तुळईची वाकण्याविरुद्धची क्षमता सांगणारा आकडा, आपोआप यायचा. बदलताना तो लिस्ट बॉक्स चित्र झाला. चित्रात निवडलेलं होतं आयएसएमबी ३००, कारण शेवटचं काम त्याचं होतं. खाली सेक्शन मॉड्युलस सापडेना, सगळं लाल. मुलाने व्यवहारी मार्ग काढला: त्याच्या कामात ४०० होता, त्याने १०२२.९ घन सेंटिमीटर हा आकडा हाताने टाकला. लाल गेलं. शीट सेव्ह केलं. पुढचं काम आलं दुसऱ्याकडे, पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधला एक लहान गर्डर, मोमेंट १२० किलोन्यूटन-मीटर. त्याने वर बघितलं, ३०० लिहिलंय, त्यालाही ३००च हवा होता. ताण, म्हणजे मोमेंट भागिले सेक्शन मॉड्युलस, आला ११७ एमपीए (मेगापास्कल). जुन्या पद्धतीने चालणारा १६५. ओके.

३०० चा खरा सेक्शन मॉड्युलस ५७३.६ आहे. खरा ताण २०९. ड्रॉइंग बाहेर जायच्या आधी साहेबांनी कॅल्क्युलेटरवर एक भागाकार केला म्हणून सापडलं. त्यांची सवयच आहे, छापील पानावर पेन्सिलने एक आकडा करून बघायचा. दोष सॉफ्टवेअरचा म्हणता येत नाही, त्याने शेरा मारून ठेवला होता. तो शेरा आम्हीच "पसारा दिसतो" म्हणून पुसला होता.

तेव्हापासून आमच्याकडे शीट बदललं की हे करतो. आधी कन्व्हर्टरचा अहवाल वाचायचा, शेरे मोजायचे. मग शीटमध्ये प्रत्येक ठिकाणी क्लिक करून बघायचं: कर्सर आत जातो का? जात नसेल तर ते चित्र आहे. प्रत्येक चित्र काढून तिथे जिवंत गणित बसवायचं, नाहीतर चित्रावर मोठ्या अक्षरात "मेलेलं" असं लिहायचं. हो, हाच शब्द लिहितो, त्याने लक्ष जातं. त्यानंतर जुनं आणि नवं शीट दोन स्क्रीनवर शेजारी ठेवून तीन वेगळी कामं घालायची, एक छोटं, एक मोठं आणि एक मुद्दाम नापास होणारं. मधले आकडेही जुळले पाहिजेत, नुसतं शेवटचं "सेफ" बघून चालत नाही. नापास होणारं काम नव्यातही नापास झालं तरच शीट मास्टरमध्ये जातं.

सिम्बॉलिक गणित असेल तर एक लक्षात ठेवा: प्राइम ६ पासून त्याचं इंजिन नवं आहे. उत्तर वेगळ्या मांडणीत येऊ शकतं. आकडे घालून दोन्हींची तुलना करा, दिसण्यावर जाऊ नका. जुन्यातलं समीकरणं सोडवायचं 'गिव्हन'-'फाइंड' प्राइममध्ये सॉल्व्ह ब्लॉकच्या चौकटीत जातं. अंदाजाचे सुरुवातीचे आकडेही त्या चौकटीत आलेत का बघा.

शीट बदललं, कोड कोण बदलणार?

नाशिकचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या कोडमध्ये दिलाय. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. गुणक सगळे १ धरले तर ९१२.६ न्यूटन प्रति चौरस मीटर. हे सूत्र युनिटसकट तसंच टाकून उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मागितलंत तर दोन्ही आवृत्त्या ९१२.६ च्या मागे 'घन मीटर प्रति किलो' असं शेपूट लावतात. कारण त्या ०.६ मध्ये हवेची अर्धी घनता लपलेली आहे. ०.६ ला किलो प्रति घन मीटर हे एकक द्या, शेपूट जातं. काँक्रीटच्या कडकपणाच्या ५००० गुणिले वर्गमूळ एफसीके (काँक्रीटची ठरलेली ताकद) या सूत्रातही तेच: मुळाच्या आत एफसीकेला एमपीएने भागा, बाहेर एमपीएने गुणा, नाहीतर एम२५ ला २५००० एमपीए कधीच येणार नाही. जुनी शीटं उलगडताना असे भागाकार-गुणाकार दिसले तर "हे उगाच आहे" म्हणून काढून टाकू नका.

पण खरी मेख वेगळीच आहे. २००९ चं वाऱ्याचं शीट आयएस ८७५ च्या १९८७ च्या आवृत्तीवर बेतलेलं असणार. २०१५ च्या आवृत्तीत दिशेचा, क्षेत्रफळाचा आणि एकत्रित परिणामाचा असे गुणक आले. तुमचा कन्व्हर्टर शीट लख्ख बदलून देईल, एकही लाल खूण नसेल, आणि आत १९८७ साल बसलेलं असेल. क्रेन गर्डरमध्येही तसंच, पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० ची १९८४ ची आवृत्ती की २००७ ची? म्हणून प्राइममध्ये नेलेल्या प्रत्येक शीटच्या पहिल्या ओळीत कोडचं नाव आणि साल टंकायचं. ते ठरवता येत नसेल तर शीट बदलायचं नाही, नव्याने लिहायचं. माझं मत विचाराल तर दहा वर्षांपेक्षा जुनं शीट नव्याने लिहिणंच स्वस्त पडतं. लिहिता लिहिता कोड वाचून होतो, हा वर फायदा.

एका ऑफिसात एकच प्राइम

प्राइमच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाईल जुन्या प्राइममध्ये उघडत नाही. सबस्क्रिप्शन असलं की नवी आवृत्ती लगेच मिळते, आणि उत्साही माणूस लगेच टाकतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या फायली बाकीच्यांना उघडत नाहीत. म्हणून अपडेट सगळ्यांनी एकाच दिवशी, चालू काम सबमिट झाल्यावर. काम मध्यावर असताना कधीही नाही.

मग तुम्ही काय घ्यायचं

शिकत असाल तर प्राइम एक्सप्रेस. जुनं शोधत फिरू नका. नव्याने स्वतःचं काम सुरू करत असाल आणि कुणाची जुनी फाईल वारशात नसेल तर थेट प्राइम, किंवा पैसे परवडत नसतील तर एसमॅथ स्टुडिओ बघा. त्याची मांडणी मॅथकॅडसारखीच आहे, युनिटही आहेत, आणि जुन्या एक्सएमसीडी फायली तो बऱ्यापैकी वाचतो. धंद्यासाठी वापरायच्या आधी त्याच्या अटी मात्र वाचून घ्या. एक्सेलबद्दल विचाराल तर एक्सेल सगळीकडेच आहे, पण त्यात सूत्र घराच्या पोटात लपतं आणि एककं नसतातच. तपासणाऱ्याचे हाल होतात.

जुन्या ऑफिसात रुजू झाला असाल तर दोन्ही शिकावं लागेल. जुनं वाचण्यापुरतं, नवं लिहिण्यापुरतं. चालू काम जुन्यात सुरू झालं असेल तर ते जुन्यातच संपवा, मध्येच घोडा बदलू नका. नवं काम आलं की प्राइम. आणि साहेबांना जुन्यातच करायचं असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं शीट पीडीएफ करून घ्या, आणि त्यांच्या शेजारी बसून कुठला आकडा कुठून आला ते विचारून शीटमध्येच टिपत जा. ते निवृत्त झाल्यावर सिडकोतल्या घरी फोन करून विचारायला बरं वाटत नाही, आम्ही तीनदा केलाय.